कळलावी : फुलावरून नव्हे, पानाच्या टोकावरून ओळखा

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की कर्जत-खालापूरच्या रानात एक फूल पेटल्यासारखे दिसू लागते. खांडसहून भीमाशंकरची वाट धरा, आंबिवलीहून पेठच्या किल्ल्याची चढण चढा किंवा कर्जत-चौक रस्त्यालगत सोंडाईच्या पायथ्याशी फिरा. करवंदीच्या जाळीवर, शेताच्या कुंपणावर, बांधाच्या कडेला हिरव्या गर्दीतून लाल-पिवळ्या ज्वाळा वर आलेल्या दिसतील. ही कळलावी.

सहलीला आलेली मंडळी या फुलापाशी हमखास थांबतात. फोटो काढतात, एखादे फूल तोडून घेतात, कोणी 'घरी कुंडीत लावू' म्हणून कंदही उकरू लागतो. यातले पहिले काम निर्धोक आहे, शेवटचे मात्र नाही. कळलावी ही आपल्या रानातील सर्वांत देखण्या वनस्पतींपैकी एक आणि सर्वांत विषारी वनस्पतींपैकीही एक. तिचे मूळ, खोड, पान, फूल, बी असे सर्वच भाग विषारी आहेत. त्यातही कंद आणि बिया अधिक घातक.

आता खरी अडचण पाहा. कळलावीचे फूल एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. पण फूल असते फार तर दोन-तीन महिने. जेव्हा धोका सर्वांत जास्त, म्हणजे पावसाळा सरल्यावर रानातले कंद खणले जातात तेव्हा, फुलाचा मागमूसही नसतो. म्हणून आजच्या लेखाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे : कळलावी फुलाशिवाय ओळखता आली पाहिजे.

नावातच सारे आले

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. संस्कृतात तिला लांगली, कलिहारी, अग्निशिखा अशी नावे आहेत. लांगल म्हणजे नांगर. हिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो म्हणून लांगली. फूल ज्वाळेसारखे म्हणून अग्निशिखा. कोकणात 'गौरीचे हात' असेही म्हणतात. काही भागांत खड्यानाग हे नाव आहे, तर काही ठिकाणी हिलाच बचनाग म्हणतात. वैद्यांचा खरा बचनाग म्हणजे वत्सनाभ. ती हिमालयातली वेगळी वनस्पती आहे. दोन्ही विषारी, पण विषे निराळी. त्यामुळे दवाखान्यात नुसते 'बचनाग खाल्ला' असे सांगून भागत नाही, झाड दाखवावे लागते.

कळलावी हे नाव प्रसूतीच्या कळांवरून पडले आहे. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरण्याची जुनी रीत होती. दुसरीकडे, हे फूल घरात आणले तर घरात भांडणे लागतात अशीही समजूत आहे. भांडणाचे आपण सोडून देऊ. पण मुलाबाळांच्या घरात ही वनस्पती आणू नये हा त्यातला व्यवहार मात्र शहाणपणाचा आहे.

ओळख : पहिली खूण पान

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की जमिनीतील कंदाला कोंब फुटतो. खोड मऊ, हिरवे आणि बारीक असते. वेल आधार मिळेल तशी चढत जाते, चांगली वाढली तर तीन-चार मीटरपर्यंत जाते.

पाने लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, चकचकीत हिरवी आणि जवळजवळ बिनदेठाची असतात. पानावरच्या शिरा बुंध्यापासून टोकापर्यंत समांतर जातात. पानाचे टोक निमुळते होत होत शेवटी तारेसारखे बारीक होते आणि स्प्रिंगसारखे गुंडाळले जाते. हे गुंडाळलेले टोक शेजारच्या फांदीला पकडते आणि त्याच्या जोरावर वेल वर चढते.

हीच कळलावीची पक्की खूण. काकडी, कारले, घोसाळे यांनाही आधार धरणारे तणावे असतात, पण ते खोडातून वेगळे फुटतात. करांदा, चाई या कंदांच्या वेलींना तणावे नसतात. त्यांचे खोडच आधाराला पिळे घालत चढते. कळलावीचे खोड असे पिळे घालत नाही. पानाचे टोकच तिचा हात. एवढे लक्षात ठेवले तर जूनपासून पाने वाळेपर्यंत कळलावी चुकणार नाही.

दुसरी खूण फूल

फुले साधारण जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत येतात. पानाच्या बगलेतून लांब देठावर एकेक फूल येते. कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, त्यामुळे फूल उलटे टांगल्यासारखे वाटते. पाकळ्या अरुंद आणि कडेने नागमोडी असतात. सुरुवातीला त्या हिरवट पिवळ्या दिसतात. मग टोकाकडून नारिंगी-लाल रंग उतरत येतो आणि शेवटी सारे फूल गडद लाल होते. एकाच वेलीवर निरनिराळ्या दिवसांची फुले असल्याने निरनिराळे रंग एकदम दिसतात. ही दोन जातींची फुले नव्हेत.

फुलाखाली पाहिले तर सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले दिसतात. मधला स्त्रीकेसर सरळ खाली न जाता बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो. अशी ठेवण आपल्या भागातील दुसऱ्या फुलात सहसा आढळणार नाही.

तिसरी खूण फळ आणि कंद

फुलानंतर लांबट हिरवी बोंडे धरतात. वाळल्यावर ती तीन भागांत उकलतात आणि आतून लाल-नारिंगी, मण्यांसारख्या बिया दिसतात. या बिया मुलांना खेळायला आवडतील अशाच असतात, आणि विषाचे प्रमाण कंदापेक्षाही त्यांत जास्त असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रानात किंवा शेतघरावर मुलांना मोकळे सोडताना कुंपणावर एक नजर जरूर टाकावी.

पावसाळा संपला की वेल वाळून जाते, पण कंद जमिनीत जिवंत राहतो. तो बोटाएवढा ते मनगटाएवढा जाड, लांबट आणि मध्ये कोपरासारखा वाकलेला असतो. दोन्ही टोके निमुळती. ताजा कंद फिकट, जुना तपकिरी, आतून पांढरा. त्याची साल बरीच गुळगुळीत असते. करांद्याचा जमिनीतला कंद गोलसर असून त्याच्या अंगावर बारीक मुळ्यांचे जावळ असते. शिवाय करांद्याची पाने हृदयाच्या आकाराची असतात आणि पानांच्या बगलेत बटाट्यासारखे लहान कंद लागतात. चाईचे पान हाताच्या पंजासारखे पाच भागांचे असते. कळलावीत यांतले काही नाही.

घोटाळा कोठे होतो?

आपल्या तालुक्यांतील ठाकूर आणि कातकरी बांधवांना रानातले कंद आणि भाज्या पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहेत. शेवळ, टाकळा, कुर्डू, भारंगी, चाईचा मोहर ही त्यांचीच देणगी. पावसाळ्याच्या सुरुवातीला कर्जत, नेरळच्या बाजारात वाटे लावून बसणाऱ्या बायकांमुळे शहरवासीयांनाही ही चव कळली. कडू कंद किती वेळा उकळायचा, राखेच्या पाण्यात किती ठेवायचा हेही त्यांना माहीत असते. त्यांच्याकडून घोटाळा होण्याची शक्यता कमी.

घोटाळा होतो तो अर्धवट माहितीच्या माणसाकडून. रानभाज्यांचे कौतुक वाढले आहे. पुस्तके आली, महोत्सव भरू लागले, मोबाईलवर चित्रे फिरू लागली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण चित्रात पाहून भाजी खुडणे आणि आजीचे बोट धरून खुडणे यांत फरक आहे. आदिवासी वाड्यांतील नवी पिढीही शिक्षण आणि नोकरीनिमित्त रानापासून दूर जात आहे. ज्ञानाची ही साखळी तुटली तर उद्या वाडीतही असा घोटाळा होऊ शकेल.

श्रीलंकेत कळलावीचे कंद रताळे किंवा रानकंद समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. तेव्हाच्या सिलोनमधील एका रुग्णाची हकीकत १९६६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात आली होती. या विषातून वाचल्यावर त्या व्यक्तीच्या अंगावरचे केस गळून गेले होते. कंद शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे विष जात नाही, हे येथे ठळकपणे सांगितले पाहिजे. 'उकळले की सगळे मरते' हा नियम जंतूंना लागू आहे, कळलावीला नाही.

विष की औषध?

कळलावीतील मुख्य विषाचे नाव कोल्चिसिन. ते प्रथम १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून वेगळे काढले. हिवतापावरचे क्विनीनही त्याच वर्षी याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून काढले होते.

शरीरातील पेशी सतत विभागून नव्या पेशी तयार करतात. कोल्चिसिन हे विभाजन मध्येच थांबवते. म्हणून जेथे पेशी भराभर बदलतात, म्हणजे आतड्याचे अस्तर, रक्त तयार करणारी हाडांतील मज्जा, केसांची मुळे, तेथे त्याचा घाला जास्त बसतो.

हेच कोल्चिसिन गाऊट या सांधेदुखीवर आधुनिक वैद्यकात आजही दिले जाते. आपल्याकडे मिळणारी गोळी बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमची असते आणि तीही मोजून, मूत्रपिंडाची अवस्था पाहून देतात. सुक्या कंदात कोल्चिसिनचे प्रमाण साधारण ०.१ ते ०.३ टक्के नोंदले गेले आहे. म्हणजे एक ग्रॅम कंदात दोन ते सहा गोळ्यांइतके औषध. दहा ग्रॅमचा तुकडा म्हणजे वीस ते साठ गोळ्या एकदम. शिवाय कोणत्या कंदात किती, हे डोळ्यांनी कळत नाही. गोळी आणि कंद यांतला हा फरक आहे. ज्यांना डॉक्टरांनी कोल्चिसिन दिले आहे त्यांनी हे वाचून घाबरून गोळी बंद करू नये, पण स्वतःच्या मनाने वाढवूही नये.

आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे. शोधन केल्यावाचून ती वापरू नये असा दंडक आहे. आपल्या देशाच्या औषधविषयक नियमांतही, अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्यांच्या यादीत लांगलीचे नाव आहे. तेव्हा 'झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही' असे कोणी सांगू लागला तर त्याला आयुर्वेदही माहीत नाही, असे खुशाल समजावे.

बाळंतपणात नको

पूर्वी कंद उगाळून पोटावर, तळहातांवर, तळपायांवर लेप देत असत. त्या काळी रस्ता नव्हता, वाहन नव्हते, दुसरा इलाज नव्हता. आज हा उपाय करू नये. कळा न येण्याची कारणे अनेक असतात. बाळ आडवे असेल, वाट अरुंद असेल, तर कळा वाढवल्याने गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. त्याहून मोठे नुकसान वेळेचे. लेप लावून वाट पाहण्यात गेलेला एक तास आई आणि बाळ दोघांना महागात पडतो.

डोंगरावरच्या वाड्यांतून आजही पावसाळ्यात गरोदर बाईला डोली करून खाली आणावे लागते, ही आपल्या दोन्ही तालुक्यांतली वस्तुस्थिती आहे. म्हणून नववा महिना लागताच आशाताईंशी बोलून ठेवावे, जमल्यास रस्त्यालगतच्या नातलगांकडे मुक्काम हलवावा. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे आणि ने-आण यांचा खर्च द्यावा लागत नाही.

गर्भ पाडण्यासाठी हा कंद वापरणे तर थेट जिवाशी खेळ आहे. कायद्याच्या चौकटीत सुरक्षित गर्भपाताची सोय १९७१ च्या कायद्याने झालेली आहे. लाजेपोटी कोणी रानात जाऊ नये.

विषबाधेची लक्षणे

हे विष लगेच दिसत नाही. खाल्ल्यावर काही तास, कधी निम्मा दिवसही, माणूस ठीक असतो. मग तोंड आणि घशात जळजळ, मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात पिळे आणि पाण्यासारखे, कधी रक्ताचे जुलाब सुरू होतात. ही लक्षणे गॅस्ट्रोसारखीच असतात. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ असते, त्यामुळे कोणी सांगितलेच नाही तर डॉक्टरांनाही संशय येणे कठीण. कालच्या जेवणात रानातले काय होते, हे आपणहून सांगा. ते एक वाक्य रुग्णाचा जीव वाचवू शकते.

एक-दोन दिवसांनी उलट्या-जुलाब कमी होतात आणि बरे वाटू लागते. येथेच पुष्कळ जण फसतात. पुढच्या काही दिवसांत रक्तदाब घसरणे, लघवी कमी होणे, श्वास लागणे, रक्तातील पेशी घटणे, हृदयाचे ठोके बिघडणे असे प्रकार होऊ शकतात. त्यामुळे 'आता बरे आहे' म्हणून डॉक्टरांच्या परवानगीशिवाय रुग्णाला घरी आणू नये. जे यातून वाचतात त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळू लागतात, पण ते पुन्हा येतात.

काय करावे, काय करू नये

लक्षणांची वाट पाहू नका. कळलावीचा तुकडा किंवा बी पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या.

तोंडात काही उरले असल्यास काढून टाका आणि चूळ भरायला लावा. मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून उलटी करवू नका. तूप, दूध, ताक, लिंबू असले उतारे देऊ नका. त्याने विष उतरत नाही, वेळ मात्र जातो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणीही घालू नका.

कंद, पान, उरलेली भाजी जे असेल ते पिशवीत घालून सोबत न्या. किती वाजता आणि अंदाजे किती खाल्ले ते सांगा. त्याच पंक्तीला जेवलेल्या सर्वांना, ठणठणीत दिसत असले तरी, बरोबर न्या.

या विषावर सर्पदंशासारखी हमखास उताऱ्याची लस आपल्या रुग्णालयांत मिळत नाही. पहिल्या काही तासांत औषधी कोळसा देऊन विष शोषून घेणे आणि पुढे सलाईन, रक्तदाब, मूत्रपिंड, रक्त यांची काळजी घेत शरीराला सावरणे, हाच उपचार. म्हणून लवकर पोहोचणे हेच अर्धे औषध.

फूल रानातच शोभते

हे सारे वाचून कोणी कोयता घेऊन कळलावी छाटायला निघू नये. नुसत्या स्पर्शाने ती मारत नाही. गौरीपुढे फूल ठेवायची रीत असेल तर ठेवा, पण मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा, नैवेद्यात पाकळी पडू देऊ नका आणि हात साबणाने धुवा. कंद हाताळल्यास काहींच्या त्वचेला खाज सुटते, तेव्हा तो उकरूच नये. गुरे बांधतो त्या कुंपणावर वेल चढली असेल तर मात्र हातमोजे घालून काढावी, कारण गुरांनाही हे विष बाधते.

झिंबाब्वेने या फुलाला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे. तमिळनाडूचे ते राज्यफूल आहे आणि तेथील शेतकरी औषध कारखान्यांसाठी बियांकरिता कळलावीची रीतसर लागवड करतात. आपल्याकडे ती आपोआप उगवते, पण कंद ओरबाडले तर पुढच्या वर्षी त्या जागी फूल दिसणार नाही.

येत्या रविवारी मुलांना घेऊन बांधावर जा. कळलावी दिसली तर फूल दाखवाच, पण आधी पान दाखवा. त्याचे गुंडाळलेले टोक जवळून पाहू द्या आणि सांगा, 'ज्या वेलीच्या पानाला असे टोक, तिचे काही तोंडात घालायचे नाही.' हे एक वाक्य मुलाच्या लक्षात राहिले तर फुले गळाल्यावरही ते मूल कळलावी ओळखील.